डोल कुरणाची परवानगी

मंगळवार, १२ जानेवारी २०१०

आज गावच्या हॉलमध्ये सभा होती. बिस्किटं विकतची. महिला मंडळाच्या अकरा बायका जिवंत असताना सभेला पुड्यातली बिस्किटं ठेवायची अक्कल कोणाची, हे विचारायची गरज नव्हती. पिअर्स लॅम्बोर्न. तीन वर्षांपूर्वी लंडनहून आला, जुनी लोहारशाळा विकत घेतली, तिच्या एका भिंतीच्या जागी काच बसवली आणि आता आमच्या नेदर ऑस्बी गावाचा तारणहार होऊन बसलाय. कानामागून आला आणि तिखट झाला.

विषय डोल कुरणाचा. कुरणाचे मालक जेफ्री मॉल्टबी गेले आणि त्यांच्या पोराने, रुपर्टने, कुरण बिल्डरला द्यायचा करार केला. चौसष्ट घरं येणार. ज्या कुरणात मी रांगले, जिथे माझ्या नवऱ्याने, लेनर्डने, अठ्ठावन्नच्या जत्रेत रस्सीखेच जिंकताना खांदा निखळवून घेतला, जिथे सत्त्याहत्तर साली राणीच्या जुबिलीला आम्ही एकशे चाळीस पोरांना सँडविचेस वाढली, तिथे चौसष्ट घरं आणि प्रत्येकाला दोन गाड्यांची जागा! या रुपर्टला मी पोस्ट चालवायचे तेव्हा खिडकीतून लिमलेटच्या गोळ्या दिल्या आहेत. त्या परत मागाव्यात असं वाटतं.

पिअर्सची युक्ती अशी: कुरण सरकारदरबारी ‘गावाची हिरवळ’ म्हणून नोंदवलं गेलं की तिथे कुणाला एक वीट लावता येत नाही. त्यासाठी गाव वीस वर्षं ते वापरत आलंय हे दाखवायचं. इथपर्यंत मीही मान डोलावली. मग तो म्हणाला, “मंडळी, मला आठवणींचा गोडवा नकोय, पुरावा हवाय. म्युरिअलचं मासिकातलं पान गोड असतं, आपण सगळेच वाचतो. पण चौकशीला येणारे निरीक्षक गोडाला भुलत नाहीत.”

गोड! एकवीस वर्षं मी चर्चच्या मासिकात ‘जुनं ऑस्बी’ लिहिते आहे. एक तारीख, एक नाव, एका कुत्र्याचा रंग चुकलेला कोणी दाखवावा. आणि ‘म्युरिअल’ म्हणायची परवानगी याला कोणी दिली? मी मिसेस थ्रॉसल आहे. उठले आणि तडक स्वयंपाकघरात गेले. चहाच्या कपांचा जितका आवाज करता येईल तितका केला. तो बाहेर वीस मिनिटं कायदा समजावत होता. मला कायदा शिकवायला नको. एकोणतीस वर्षं मी ग्रामसमितीची चिटणीस होते.

शुक्रवार, १५ जानेवारी

दारात एक छापील फॉर्म पडला होता. ‘कुरणात काय करत होता? किती वेळा? कोणाची परवानगी घेतली होती का?’ पुढे खूण करायला चौकोन. माझं आयुष्य चौकोनात बसवायला निघालेत. मी भरला नाही. पिअर्सला फोन करून सांगितलं, मला जे बोलायचंय ते चौकशीत, निरीक्षकांसमोर, तोंडी बोलेन.

सोमवार, १ फेब्रुवारी

पिअर्स येऊन गेला. फोटो हवे होते. मी एकोणपन्नास सालापासूनचे सगळे काढून ठेवले आणि प्रत्येकात कोण कुठे उभं आहे ते सांगितलं. दीड तास झाल्यावर तो कसनुसा होऊन मध्येच विचारायला लागला, “बरं म्युरिअल, एक महत्त्वाचं, तुम्ही चिटणीस असताना कधी मॉल्टबींकडे—” मी बोलत असताना कोणी मध्ये बोललेलं मला खपत नाही. तसं मी त्याला सांगितलं आणि बासष्टच्या जत्रेतल्या भोपळ्यांकडे वळले. मग त्याला कसली तरी गाडी पकडायची होती; फोटो उचलून निघाला. आजकालच्या लोकांना ऐकून घ्यायची सवयच राहिलेली नाही.

मंगळवार, २ फेब्रुवारी

बेरिल कटफोर्थ मागच्या दाराने आली. पुढच्या दाराने येणं तिला सत्तर वर्षांत जमलेलं नाही. तिची पाच पोरं कुंपणातून भोक पाडून डोलमध्ये घुसायची. मी पोस्टाच्या दारातून ओरडायचे, “मि. मॉल्टबींना विचारलंत का?” तर सगळ्यात धाकटा, टेरी, जीभ काढून दाखवायचा. पोरं जशी आईवर जायची तशी गेली.

खुर्ची ओढून बसली आणि म्हणाली, “त्या काचवाल्याने सांगितलेलं तुझ्या कानात शिरलं की नाही?”

“मी चहा बघत होते.”

“मग आता ऐक. न विचारता वापरलं असेल तरच कुरण आपलं होतं. मालकाला विचारून, त्याने हो म्हटल्यावर वापरलं असेल, तर आपण पाहुणे. आणि पाहुण्याला कसला आलाय हक्क?”

मला हसूच आलं. “बेरिल, शाळेत असताना पण तू धडा अर्धाच ऐकायचीस.”

“अगं, त्याने तीनदा सांगितलं!”

“म्हणजे चोरासारखं घुसलं तर बक्षीस, आणि सभ्यपणे विचारलं तर हकालपट्टी? हा इंग्लंडचा कायदा आहे, डाकूंचा नाही.”

“तुला म्हणून सांगायला आले,” ती म्हणाली. “तू सारखी विचारत सुटायचीस ना त्याला.” आणि माझ्या बशीतला शेवटचा केकचा तुकडा न विचारता उचलून गेली.

उचलली जीभ लावली टाळ्याला. मी कायद्याची पुस्तकं वाचलेली नाहीत, पण कायदा सभ्य माणसांच्या बाजूने असतो एवढं मला कळतं.

शनिवार, ६ फेब्रुवारी

बेरिलच्या बडबडीचा एक फायदा झाला. कपाटावरचा डबा आठवला. दुपारभर तो मांडीवर घेऊन बसले होते.

१९७५ ते २००३. एकोणतीस वसंत, एकोणतीस पत्रं. दर वर्षी पंचवीस मार्चला मी गावाच्या वतीने मि. मॉल्टबींना पत्र लिहायचे आणि बरोबर एक प्लम ब्रेड, मनुका घातलेला गोड पाव, पाठवायचे. आठवड्याच्या आत उत्तर यायचं. निळी शाई, उजवीकडे झुकलेलं अक्षर. एकोणनव्वदचं इथे उतरवून ठेवते:

‘प्रिय मिसेस थ्रॉसल, आपलं पत्र आणि प्लम ब्रेड दोन्ही पोचलं. दुसरं फार दिवस टिकलं नाही. गावातल्या सर्वांनी डोल कुरणात यावं, फिरावं, मुलांनी खेळावं, याला यंदाही माझी आनंदाने परवानगी आहे. एवढं फक्त सालाबादप्रमाणे गावसभेत वाचून दाखवावं. आपला, जे. मॉल्टबी.’

याला म्हणतात रीतभात. आता कोण कोणाला असं लिहितं? माझ्या जागी जो चिटणीस आला त्याने ही प्रथाच बंद केली. संगणकावर तिच्यासाठी रकाना नव्हता म्हणे!

लेनर्ड चेष्टा करायचा, “आलं का तुझं वसंतातलं पत्र?” त्यात चेष्टा करण्यासारखं काय होतं कोण जाणे. टपालाची पिशवी मीच सोडायचे. त्या आठवड्यात जरा लवकर सोडायचे, इतकंच.

मंगळवार, ९ फेब्रुवारी

राग आवरेना. एकोणनव्वदच्या पत्राची प्रत काढली आणि रुपर्टला पाठवली. सोबत दोन ओळी: ‘तुमचे वडील काय माणूस होते ते वाचा. असली एकोणतीस पत्रं माझ्याकडे आहेत. वाचून लाज वाटली तर बरं.’ टपालपेटीत टाकताना इतकं हलकं वाटलं की घरी येताना टेकडीवरून आले.

मंगळवार, १६ फेब्रुवारी

मी रुपर्टबद्दल जे जे लिहिलं त्यातलं निम्मं मागे घेते. रक्त शेवटी रक्तच. आज तो स्वतः आला, फुलं घेऊन, बूट दारात काढून. म्हणाला, “मिसेस थ्रॉसल, तुमचं पत्र वाचून मी हललो. बाबांची अशी आणखी पत्रं आहेत म्हणालात?”

मी डबा दाखवला. त्याने एकेक कागद किती जपून उलटला! सगळी वाचली. चहा घेतला, दोनदा. मग विचारलं, “आणि ही तुम्ही सभेत खरंच वाचायचात?”

“दर वर्षी. उभी राहून.”

“अजून कोणाला आठवत असेल?”

मी म्हटलं, गावसभेला येऊन येऊन येणार सहा-सात टाळकी, आणि त्यातली मी सोडून सगळी आता चर्चमागे झोपली आहेत. सभेची नोंदवही होती, पण दोन हजार चारच्या थंडीत हॉलमधला पाइप फुटला आणि कपाटातल्या जुन्या वह्यांचा लगदा झाला. त्या प्रकरणावर मी तेव्हा तीन पत्रं लिहिली होती, एकालाही उत्तर नाही. रुपर्ट हळहळला. प्रती काढायला डबा चार दिवस नेऊ का, असं विचारलं. विचारलं! पिअर्सने माझे फोटो नेताना विचारलं नव्हतं. मी डबा रिबिनीने बांधून दिला.

मला वाटतं, त्याचं मन बदलणार.

शनिवार, २० फेब्रुवारी

डबा परत आला. रिबीनसुद्धा इस्त्री केलेली.

गुरुवार, २५ मार्च

आजची तारीख. पत्र लिहायला कोणी नाही. तरी प्लम ब्रेड केला आणि एकटीने खाल्ला. जळका झाला होता.

मंगळवार, १५ जून

चौकशीचा पहिला दिवस. पेन इतकं दाबलंय की पान दोनदा फाटलं. भीतीने नाही, संतापाने.

हॉल भरलेला. पुढे निरीक्षक, बारीक, चष्मा सारखा पुसणारे. डावीकडे पिअर्स आणि आम्ही. उजवीकडे बिल्डरची बॅरिस्टर, निळ्या सुटातली बाई, तिच्यामागे रुपर्ट. माझ्याकडे बघून त्याने मान लववली. मीही लववली.

आधी बेरिल. कुरणात काय करायचात? “सगळं,” ती म्हणाली. कोणाला विचारायचात? “कशाला विचारायचं? गवत काय मॉल्टबीने उगवलं होतं?” लोक हसले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. चारचौघांत गावाची ही शोभा!

मग मी. आधी शपथ मागितली. निरीक्षक म्हणाले, अशा चौकशीत शपथ घ्यायची पद्धत नाही. मी म्हटलं, पद्धत असायला हवी. मग मी पाऊण तास बोलले. जुबिलीच्या सँडविचचे चारही प्रकार सांगितले. निरीक्षक लिहून घेत होते. पिअर्सचा चेहरा फुलला होता. मला वाटलं, घे, गोड ना?

मग ती निळ्या सुटातली बाई उठली. किती अदबीने बोलली! “मिसेस थ्रॉसल, आपली स्मरणशक्ती विलक्षण आहे. ही पत्रं आपली?” तिच्या हातात माझी एकोणतीस पत्रं. प्रती. मी म्हटलं, हो, अभिमानाने सांगते, माझीच. एक वाचाल? मी वाचलं. एकोणनव्वदचं. शेवटी मान वर केली. पिअर्सने डोकं दोन्ही हातांत धरलं होतं. बेरिल छताकडे बघत होती.

तेव्हा, त्या क्षणी मला कळलं की बेरिलने धडा पूर्ण ऐकला होता.

तेवढ्यावर भागलं असतं तरी चाललं असतं. बाईने आणखी एक कागद काढला. “हे मॉल्टबी कुटुंबाच्या कागदपत्रांत मिळालं. फेब्रुवारी १९७५. वकिलाचं पत्र. यातलं आपल्याला काही माहीत होतं का?” आणि वाचलं. शब्दन् शब्द डोक्यात बसलाय:

‘आपली भीती रास्त आहे. गाव कुरण स्वतःचं समजू लागलं तर पुढे हक्क सांगेल. उपाय सोपा आहे. दर वसंतात गावाने आपल्याकडे परवानगी मागावी अशी रीत पाडा, आणि ती उदारपणे द्या. ती पोस्टातली बाई टापटिपीची आहे, थोडं गोड बोललं की एकही वर्ष चुकणार नाही. आपलं उत्तर सभेत सर्वांसमोर वाचायला मात्र सांगत जा. गावाला ते कळलं नाही तर उपयोग नाही.’

समासात निळ्या शाईत, उजवीकडे झुकलेल्या अक्षरात: ‘ठीक. मिसेस टी.ला विचारतो. सोपं आहे.’

सोपं आहे! एकोणतीस वर्षं. एकोणतीस प्लम ब्रेड. मी मनुका रात्रभर चहात भिजत घालायचे. जेफ्री मॉल्टबी, तुमच्या अंत्यविधीला मी नवा कोट घेतला होता हो!

मी ‘नाही’ म्हटलं. साडेचार झाले. पाच वाजता हॉलमध्ये लहान मुलींचा नाच असतो. निरीक्षक म्हणाले, उद्या दहाला पुढे चालू. तोपर्यंत साक्षीदाराने कोणाशीही या विषयावर बोलायचं नाही. निळी बाई म्हणाली, “उद्या माझा एकच प्रश्न उरला आहे.”

जेवणाच्या आधी बेरिल आली. मागच्या दाराने.

“आत येऊ नकोस. माझ्याशी बोलायला मनाई आहे.”

“मला कुठे आहे?” ती आत. “उद्या ती विचारणार, पत्रं सभेत वाचलीस का. सगळं त्याच्यावर अडलंय. पत्रं तुझ्या कपाटात पडून राहिली असतील तर गावाला परवानगी पोचलीच नाही. काचवाला भिंतीवर डोकं आपटत होता, त्याने मला समजावलं. वहीचा लगदा झालाय, ऐकणारे मेलेत. उरलीस तू.”

“मी वाचली होती.”

“माहितीये. तू घंटा वाजवून वाचली असशील. उद्या म्हण, आठवत नाही.”

“मी खोटं बोलत नाही, बेरिल.”

“शपथ कुठे घातलीये तुला?”

“शपथेशिवायही नाही.”

“त्या माणसाने तुला एकोणतीस वर्षं बोटावर नाचवलं, आणि तू त्याच्याशी इमान राखणार?”

“त्याच्याशी नाही. माझ्याशी.”

ती खुर्चीत बसली. मग म्हणाली, “आमच्या टेरीला मी तिथे सोडलंय. ओढ्याकडच्या कोपऱ्यात. डब्यातून नेला आणि राख सोडली. नव्व्याण्णव साली. कोणाला विचारलं नव्हतं.”

मला ठाऊक नव्हतं. गावातली एक गोष्ट मला ठाऊक नव्हती.

“विचारायला हवं होतं का गं?” ती म्हणाली. टोमणा नव्हता तो. खरंच विचारत होती.

मी तिला जायला सांगितलं.

बुधवार, १६ जून

निळ्या सुटातली बाई: “मिसेस थ्रॉसल, ही पत्रं आपण गावसभेत वाचून दाखवलीत का?”

मी: “आठवत नाही.”

“एकाही वर्षीचं?”

“आठवत नाही.”

“काल आपण तेहतीस वर्षांपूर्वीच्या सँडविचचे प्रकार सांगितलेत.”

“ते आठवतं.”

मागे कोणीतरी हसलं. रुपर्ट उभा राहून ओरडला, “फेब्रुवारीत तुम्ही मला स्वतः सांगितलंत! उभी राहून वाचायचे म्हणालात!” निरीक्षकांनी त्याला बसवलं आणि माझ्याकडे वळून सावकाश, मोठ्या आवाजात विचारलं, जसं बहिऱ्याला विचारतात: “मिसेस थ्रॉसल, तुम्ही मि. रुपर्टना तसं सांगितलं होतंत का?”

मी म्हटलं, “फुलं आणली होती त्यांनी. पुढचं आठवत नाही.”

निरीक्षकांनी चष्मा पुसला. घरी आले. बटाटे सोलले, चार जास्तच सोलले गेले.

शनिवार, १९ जून

दुकानातल्या मुलीने माझे सुटे पैसे माझ्या तळहातावर एकेक करून मोजले आणि विचारलं, “घरी जाल ना नीट?” मी तिच्या आजीला चालायला शिकताना पाहिलं आहे!

पिअर्स दारात येऊन गेला. डोळे ओले. म्हणाला, “तुम्ही दमला असाल, त्या बाईने फार छळलं.” त्याला वाटतं मी खरंच विसरले. माझ्यावर दया करतो आहे, लोहारशाळेला काच लावणारा माणूस. तोंडावर आलं होतं सगळं. गिळलं.

शुक्रवार, २४ सप्टेंबर

अहवाल आला. डोल कुरण गावाची हिरवळ म्हणून नोंदवावं अशी शिफारस. जिंकलो. चर्चच्या घंटा वाजवल्या.

पिअर्सने सर्वांना प्रती वाटल्या. माझ्यावर एक अख्खा परिच्छेद आहे, एकशे बारावा. ‘मिसेस थ्रॉसल या प्रामाणिक परंतु वयोवृद्ध साक्षीदार आहेत. दूरच्या काळातल्या किरकोळ गोष्टी त्यांना ठळक आठवतात, मात्र महत्त्वाच्या बाबतीत त्यांची स्मृती भरवशाची राहिलेली नाही. त्यांनी मि. रुपर्ट मॉल्टबींना खासगीत वेगळं सांगितलं असेलही, पण अशा स्मृतीवर कोणत्याही बाजूचा भार टाकणं योग्य होणार नाही. परवानगीची पत्रं अस्तित्वात होती. ती गावाला कधी कळवली गेली, याचा पुरावा नाही.’

छापील. गावात दोनशे प्रती. जिल्ह्याच्या दप्तरात कायमची. मी ती पानं दहा वेळा वाचली आणि दहाव्या वेळी दुधाचं भांडं भिंतीवर फेकलं. किरकोळ गोष्टी! भरवशाची नाही! त्या चष्मेवाल्याला माझ्यासमोर बसवा आणि विचारा, एकोणिसशे त्र्याऐंशीच्या गावसभेला दार कोणी उघडलं होतं. मी सांगते.

पण कोणी विचारणार नाही. आणि विचारलं तरी सांगता येणार नाही, हे त्याहून वाईट.

शनिवार, २ ऑक्टोबर

पिअर्स केक घेऊन आला. विकतचा. तेव्हाच ओळखलं.

“म्युरिअल, एकवीस वर्षं तुम्ही ‘जुनं ऑस्बी’ सांभाळलंत. आता थोडा आराम करा. मी ते पान बघेन म्हणतो. तुम्ही सांगायचं, मी जरा... पडताळून घेईन.”

“कशाशी पडताळणार?”

“इंटरनेटवर बरंच असतं.”

मी टंकलेखन यंत्राजवळची फाईल उचलून त्याच्या हातात दिली. दोन्ही हातांनी दिली. त्याला वाटलं, जड आहे म्हणून. त्याने पटकन खालून आधार दिला.

शनिवार, १६ ऑक्टोबर

आज दुपारी डोलमध्ये फलक लावला. सगळं गाव होतं, ऊन होतं, आणि या वेळी खाण्याचं सगळं घरचं होतं, एवढं मान्य करते. पोरं उतारावरून लोळत होती. कोणाला विचारून? कोणालाच नाही. यापुढे कोणी कोणाला विचारणार नाही. मी तोंड उघडायला गेले आणि मिटलं.

पिअर्सचं भाषण झालं. म्हणाला, “त्रेसष्टच्या मोठ्या बर्फात दुधाची गाडी इथे डोलमध्ये अडकली होती आणि गावाने ती दोरांनी ओढून काढली.” मी म्हटलं, “त्रेसष्ट नाही. सत्तेचाळीस. आणि दुधाची नाही, कोळशाची. मी दोर ओढायला होते.” सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. ती नजर मी ओळखते. म्हाताऱ्या कुत्र्याने चुकीच्या माणसाकडे बघून शेपूट हलवली की लोक तसं बघतात. पिअर्सने माझ्या खांद्यावर हात ठेवला. “अर्थात, म्युरिअल. कोळशाची.” आणि लोकांकडे बघून हळूच डोळे मिचकावले. कोणीतरी मला खुर्ची आणून दिली.

बेरिल शेजारी येऊन गवतात बसली. “सत्तेचाळीसच,” ती म्हणाली. “माझा बाप दोराला होता. सांगू का ओरडून?”

“गप्प बस.”

“आणि बाकीचं? ते सांगू?”

“एक शब्द काढलास तर बघ.”

ती ओढ्याकडच्या कोपऱ्याकडे बघत होती. थोड्या वेळाने म्हणाली, “कितीदा वाचली होतीस गं?”

मी तिला सांगितलं नाही. इथे लिहिते. एकोणतीसदा. त्र्याऐंशीला दार चर्चच्या पाद्र्याने उघडलं, किल्ली माझ्याकडे नव्हती. सत्याऐंशीला वीज गेली, मेणबत्तीवर वाचलं, मेण पत्राच्या कोपऱ्यावर पडलं, अजून आहे. एक्क्याण्णवला तिघेच आले होते, त्यातला एक झोपला; मी तरी पूर्ण वाचलं. शहाण्णवला घसा बसला होता, लेनर्डने पाणी आणून दिलं आणि पहिल्या रांगेत बसून तो माझ्याकडेच बघत राहिला, पत्र संपेपर्यंत. नव्व्याण्णवला मी हिरवा कोट घातला होता. दोन हजार तीनला अक्षर थरथरत होतं, माझं नाही, त्यांचं. ‘आनंदाने’ हा शब्द दोनदा वाचावा लागला. प्रत्येक वर्ष, प्रत्येक शब्द, कोण कुठे बसलं होतं तेसुद्धा.

कोणी विचारलंच तर मला आठवत नाही.